गूळ-सौद्याच्या माडीवर

खाली सौदा. रव्यांच्या थप्प्यांवर माशा आणि आकडे.
वर माडीवर मी आणि तौफिक मुल्लाणी,
दोन लॅपटॉप, एक सैल झालेला एक्स्टेन्शन बोर्ड,
आणि हिंदुराव चौगुल्यांच्या अडतीसाठी
लॉगिनचं दार कुठल्या सुताराकडून घ्यावं हा प्रश्न.

सुतार सगळे फुकट.
घोळ तिथंच आहे.
पैसे मोजायचे असते तर कधीच ठरलं असतं.

एक्सेलमध्ये रकाने पाडले:
शेवटचा बदल कधी, किती तक्रारी उघड्या पडल्यात,
परवाना कसला, कागदपत्रं माणसाला कळतात का.
पहिली लायब्ररी म्हणजे लग्नाचं कंत्राट घेणारा आचारी.
सेशन, टोकन, विसरलेल्या पासवर्डची मेल, सगळं तोच बघतो,
फक्त मिठाचा डबा कुठं ठेवलाय ते सांगत नाही.
दुसरी नुसती कणीक. मळा, लाटा, भाजा,
हात भाजला तर तो तुमचा.
तिसरी मला मनापासून आवडलेली,
चारशे ओळी, एकही फाजील नाही,
आणि तीन वर्षांमागं तिच्या कर्त्यानं शेवटचं लिहिलेलं:
बाळ झालंय. आता जमेल तसं.
त्यानंतर काही नाही.
तौफिकनं तिच्यापुढं फुली मारली.
मी म्हटलं, जरा हळू मार.

चहा आला तेव्हा आम्ही गुपितांवर आलो होतो.
डेटाबेसचा पासवर्ड, मेलची किल्ली, टोकनवरच्या सहीचं बीज,
हे कोडात लिहायचं नसतं, शेजारच्या फाईलीत ठेवायचं,
जिच्या नावाआधी नुसतं एक टिंब.
हिंदुराव म्हणाले, आमच्या आज्याच्या काळात
भाव रुमालाखाली ठरायचा. बोटं धरून.
भोवती पन्नास माणसं आणि आकडा दोघांनाच ठाऊक.
मग कायद्यानं रुमाल काढला. बरं झालं,
रुमालाखाली शेतकऱ्याचीच बोटं मोडायची.

मी त्या टिंबाकडं बघत राहिलो.

ती फाईल वाचणाऱ्याही दोघी.
एक गरीब स्वभावाची, किल्ली नसली तरी हूं की चूं नाही,
रिकाम्याला रिकामं म्हणून पुढं जाते
आणि रात्री अडीचला सर्व्हर पालथा.
दुसरी खडूस. सुरू होतानाच हजेरी घेते,
कोण आलं नाही ते नाव घेऊन सांगते,
तोवर शटर वर जात नाही.
खडूस घेतली. यात वाद झाला नाही.

मग तौफिकनं आधीच्या पोराचा कोड उघडला
आणि गप्प झाला.
ओळ एकोणीस. अवतरणचिन्हांत
अडतीचं नाव, पुढं एक दोन तीन.
चौदा महिने, सगळ्या जगाला खुला.
पुसला. पण इथं पुसलेलंही राहतं,
कुणी कधी पुसलं त्या नोंदीसकट.
कुलूप बदलणं तेवढं हातात. बदललं.
हिंदुरावांना सांगायला जिन्यानं मी गेलो,
चौदा पायऱ्या, प्रत्येकीवर थांबून.

सांजेला इरगोंडा वर आला, तोलाईच्या चिठ्ठ्या घेऊन.
म्हटलं, काका, तुम्हालापण लॉगिन लागेल,
अंगठा ठेवा इथं.
ठेवला. ओळख पटली नाही.
धोतराला पुसून ठेवला. नाही.
तीस वर्षं रवे उचलून रेषाच गेलेल्या.
ओटीपी? मोबाईल सुनेकडं असतोय.
पासवर्ड? ते हसले नुसते.
खाली काट्याजवळ ते खाकरले तरी
माणसं न बघता बाजूला होतात.

तक्त्याला शेवटी एक रकाना वाढवला.
वर लिहिलं: इरगोंडा.
पहिलीपुढं, नाही.
दुसरीपुढं, जमेल, सगळं आपण लिहिलं तर.
तिसरी फुलीखाली होती, तरी उघडली.
दोनशे बाराव्या ओळीला कर्त्यानं जागा सोडलेली,
शेजारी टीप:
ओळखायची तुमच्याकडची रीत इथं घाला.

तौफिक म्हणाला, पण बाळ?
म्हटलं, आता पळत असेल.
आणि त्या अनोळखी बापाला
हातभार हवा का, असं विचारणारी मेल
लिहायला घेतली.